गाण्यातला 'मी' कोणाचा?

नमस्कार मंडळी.

'मंडळी' हा शब्द आम्ही सवयीने वापरला खरा, पण आजच्या विषयाला तो फार बरा बसतो. मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला मंडळीच म्हणतात. म्हणजे इमारतीला नव्हे, तिथे जमणाऱ्या माणसांना. आज आपण या मंडळीच्या तोंडी असलेल्या गाण्यांविषयी बोलणार आहोत. ही गाणी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाली, आणि आगबोटीने, रेल्वेने, बैलगाडीने आमच्या यवतमाळपर्यंत येऊन पोचली.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, संगीताचे नाही. त्यामुळे सूर कुठे चुकला ते आम्हाला विचारू नका. या विषयाकडे आम्ही आलो ते आमच्याच एका आगाऊपणामुळे. तो आधी सांगून टाकतो.

आमच्या शाळेत एक ख्रिस्ती वर्गमित्र होता. त्याच्या घरी आमचं जाणं-येणं असे. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. संध्याकाळी चूल पेटवताना मावशी एक गीत गुणगुणायच्या. त्याची चाल आम्हाला इतकी पाठ झाली होती की पुढे नागपूरला एम.ए. करताना ग्रंथालयात इंग्रजी गीतांचं एक पुस्तक हाती लागलं, स्वरलिपी जाणणाऱ्या एका मित्राने त्यातली ओळ वाजवून दाखवली, तर काय, मावशींचंच गाणं! चाल 1868 ची. चाल बांधणारा चार्ल्स कॉन्व्हर्स, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा वकील. सुट्टीत यवतमाळला आलो तेव्हा मोठ्या विद्वत्तेने मावशींना सांगितलं, "मावशी, तुमचं ते गाणं अमेरिकेचं आहे बरं का. एका वकिलाने चाल लावलीय." मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे तं माह्या मायचं गानं होय. अमेरिकेचं काऊन असन?"

आम्ही हसलो. त्या वयात हसू येतं. पण मावशींचं म्हणणं खोडून काढायला आम्हाला तेव्हाही काही सापडलं नाही, आणि पुढे तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं तरी सापडलं नाही. गाणं कोणाचं असतं, हा तो प्रश्न. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, गाण्यात 'मी' असा शब्द येतो तेव्हा तो 'मी' कोण?

आता जरा अमेरिकेत जाऊ. 1865 मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं. सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती. गुलामगिरी कायद्याने गेली होती. खेडी सोडून माणसं शिकागो, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या गिरण्यांत आणि कोंदट चाळींत येऊन पडत होती. या माणसांना जुन्या चर्चमधली संथ, भारदस्त स्तोत्रं दूरची वाटत. त्यांच्या मुलांसाठी रविवारच्या शाळा निघाल्या. तिथे सोपी, ठेक्याची गाणी लागत, आणि ती पुरवणारे संगीतकार आणि प्रकाशकही तयार झाले. शाळेतली गाणी, माळरानावरच्या धर्ममेळ्यांतली गाणी आणि घरच्या दिवाणखान्यात पियानोवर म्हणायची भावगीतं यांची मिसळण होऊन जो प्रकार झाला, त्याला पुढे गॉस्पेल हिम म्हणू लागले. आपण त्याला शुभवर्तमान-गीत म्हणू.

त्याचा घाट साधा. तीन-चार कडवी आणि प्रत्येक कडव्यानंतर येणारं पालुपद. कडवं गायक म्हणतो, पालुपद सगळे उचलतात. ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या फेरीला गाऊ लागतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बुवा पुढे आणि टाळकरी मागे, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे.

या प्रकाराला जगभर नेणारी जोडी म्हणजे ड्वाइट मूडी आणि आयरा सँकी. मूडी एके काळचा जोड्यांच्या दुकानातला विक्रेता. सँकी सरकारच्या करखात्यात नोकरीला. दोघांची गाठ 1870 मध्ये इंडियानापोलिस शहरातल्या एका अधिवेशनात पडली. सँकीचं गाणं ऐकून मूडीने त्याला नोकरी सोडायला लावली. मूडी बोलायचा आणि सँकी लहानशा पायपेटीवर बसून गायचा. मूडीची भाषणं आज कोणी वाचत नाही, सँकीची पेटी मात्र अजून वाजते आहे. 1873 च्या जूनमध्ये ही जोडी इंग्लंडात लिव्हरपूलला उतरली. तिथे सँकीच्या गाण्यांची सोळा पानांची चोपडी निघाली. ती वाढत वाढत पुढे बाराशे गीतांची झाली. अमेरिकेत 1875 पासून 'गॉस्पेल हिम्स' नावाने एकामागून एक सहा भाग निघाले. खप लाखांनी झाला. मूडी आणि सँकी यांनी या पुस्तकांची मिळकत स्वतःकडे ठेवली नाही. ती विश्वस्तांच्या हाती दिली आणि त्यातून शाळा वगैरे चालल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण 'धर्माचा धंदा' हा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला होता.

पण पुस्तकांपेक्षा आम्हाला ती लिहिणारी माणसं जास्त ओढतात. त्यातही फॅनी क्रॉस्बी.

फॅनीचा जन्म 1820 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. सहा आठवड्यांची असताना डोळे आले, कुणा वैदूने गरम पोटीस बांधलं, आणि दृष्टी गेली ती गेलीच. निदान घरच्यांची तशी समजूत होती. वर्षभरात वडील वारले. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि मुलीला आजी सांभाळी. आजीने काय केलं, तर बायबल तोंडाने म्हणून तिच्याकडून पाठ करून घेतलं. आठवड्याला पाच-पाच अध्याय. आपल्याकडे वेदपाठशाळेत जे चालतं तेच, फक्त गुरू आजी आणि शिष्या आंधळी नात. पंधराव्या वर्षी फॅनी न्यूयॉर्कच्या अंधशाळेत गेली आणि पुढे तिथेच शिक्षिका झाली. त्या शाळेत काही काळ एक तरुण कारकून होता. फॅनी कविता तोंडाने सांगे आणि तो उतरून घेई. त्याचं नाव ग्रोव्हर क्लीव्हलंड. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तोही दोनदा.

फॅनीने लग्न केलं ते आंधळ्याच संगीतशिक्षकाशी. एकच मूल झालं, ते तान्हेपणीच गेलं. याविषयी ती फार बोलत नसे. 1864 च्या सुमारास, म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने चर्चसाठी गीतं लिहायला घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे 1915 पर्यंत, ती थांबली नाही. आठ हजारांहून जास्त गीतं! एका गीताला डॉलर-दोन डॉलर मिळत. प्रकाशकाशी करार, आठवड्याला ठरावीक गीतं द्यायची. म्हणजे कारखानाच की! राहायची न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत आणि मिळालेल्या पैशातले बरेच वाटून टाकायची.

पुष्कळदा चाल आधी येई आणि शब्द मागून. 1868 मध्ये डोन नावाचा संगीतकार तिच्या घरी आला, म्हणाला, गाडीला चाळीस मिनिटं आहेत, ही चाल ऐक आणि शब्द दे. फॅनी आत गेली आणि अर्ध्या तासाच्या आत गीत घेऊन बाहेर आली, असं सांगतात. 1873 मध्ये फीबी नॅप नावाच्या मैत्रिणीने अशीच चाल वाजवून विचारलं, ही चाल काय म्हणते? त्यावर फॅनीने जे शब्द दिले ते तिचं सगळ्यांत प्रसिद्ध गीत.

आमचे काही मित्र यावर नाक मुरडतात. चालीवर शब्द बसवणं म्हणजे काय काव्य? त्यांना आम्ही सांगतो, 1880 चं अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उघडा. पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जुन्या गाण्यांची नावं दिसतील. आणि 1973 मध्ये आमच्याच यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष कोण होते? ग. दि. माडगूळकर. चित्रपटाच्या पेटीमास्तरासमोर बसून चालीवर शब्द देणारा माणूस. आम्ही त्या मांडवात मागे उभे होतो. चालीवर लिहिलं म्हणून अण्णांचं काव्य हलकं, असं म्हणायची छाती तिथे कुणाची झाली नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. फिलिप ब्लिस हा पेनसिल्व्हेनियातल्या ओंडक्यांच्या घरात जन्मलेला गरीब मुलगा. गीत आणि चाल दोन्ही स्वतः करणारा. 29 डिसेंबर 1876 ला ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला नदीवरचा पूल बर्फाच्या वादळात आगगाडीसकट कोसळला आणि डब्यांना आग लागली. ब्लिस आणि त्याची बायको दोघंही गेली. वय अडतीस. होरेशियो स्पॅफर्ड हा शिकागोचा वकील. बायको आणि चार मुली युरोपला निघाल्या होत्या. 22 नोव्हेंबर 1873 ला त्यांची बोट दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. बायको वाचली, चारही मुली गेल्या. बायकोला आणायला निघालेल्या स्पॅफर्डने त्या दुःखातून जे गीत लिहिलं त्याला चाल दिली ब्लिसने, आणि त्या चालीला नाव दिलं बुडालेल्या बोटीचं. स्पॅफर्ड पुढे जेरुसलेमला जाऊन राहिला आणि तिथेच वारला. आणि मावशींच्या गाण्याचे शब्द मुळात ज्याचे, तो जोसेफ स्क्रिव्हन तर अमेरिकनही नव्हता. आयर्लंडचा माणूस. लग्न तोंडावर आलं असताना वाग्दत्त वधू बुडून मेली, म्हणून कॅनडात गेला. तिथेही दुसरं लग्न ठरलं आणि तीही मुलगी गेली. दूर मायदेशी असलेल्या आईला धीर देण्यासाठी त्याने ते गीत लिहिलं होतं, छापण्यासाठी नव्हतंच. म्हणजे मावशी म्हणाल्या ते एका अर्थी खरंच की. गाणं मायचंच होतं. फक्त माय दुसऱ्याची होती.

आता मुद्द्याला येतो. या सगळ्या गीतांवर त्या काळच्या मोठमोठ्या धर्मपंडितांचा एक आक्षेप होता. यात फार 'मी, मी' आहे. जुन्या स्तोत्रांत देवाचं माहात्म्य असे. इथे माझं पाप, माझं दुःख, माझा मित्र, माझं घर. आक्षेप खोटा नाही. पण हा 'मी' जरा उलटून पालटून पाहू.

आपल्या अभंगातही 'मी' ठासून भरलेला आहे. पण शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. तुका म्हणे. म्हणे जनी. चोखा म्हणे. वारकरी अभंग म्हणतो तेव्हा तीन चरण तो स्वतःचं बोलतो आहे असं वाटतं, आणि चौथ्याला कबूल करतो की बाबांनो, हे तुकाराम बोलले, मी त्यांना नुसता आवाज दिला. अभंगातला 'मी' मालकीचा आहे. त्याच्यावर नाव कोरलेलं आहे.

शुभवर्तमान-गीतात असं काही नसतं. गीताच्या आत लिहिणाऱ्याचं नाव नाही. असलं तर पुस्तकाच्या कोपऱ्यात, बारीक टायपात. फॅनी क्रॉस्बीने तर तेही झाकलं. एकाच पुस्तकात तिचीच गीतं फार झाली असं दिसू नये म्हणून प्रकाशक तिला टोपणनावं लावायला सांगत. अशी शंभरावर नावं तिने वापरली, काही वेळा तर नुसती चिन्हं. त्यामुळे झालं काय, की गीतातला 'मी' रिकामा राहिला. 'मी' हा शब्दच मुळात असा आहे की जो उच्चारील त्याचा तो होतो. आम्ही म्हटलं की आमचा, तुम्ही म्हटलं की तुमचा. लिहिणारीचं नाव पुसलं गेलं आणि जागा मोकळी झाली. ज्याने गायलं तो त्या जागी जाऊन बसला.

अमेरिकेत याहूनही रिकामा 'मी' होता, गुलामांच्या गीतांतला. ती कोणी रचली याचा पत्ताच नाही. 1871 मध्ये टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठातली काळी मुलं-मुली, त्यातले बरेच काल-परवापर्यंत गुलाम असलेले, संस्थेसाठी पैसे जमवायला ही गीतं गात गावोगाव निघाली. पुढे त्या नावाचा संच जगभर फिरला. 1889-90 मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि ताजमहालात त्यांनी गायल्याची नोंद आहे.

1873 हे साल आतापर्यंत बऱ्याचदा आलं. सँकीची इंग्लंडची सफर, फॅनीचं गीत, स्पॅफर्डची बोट. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापली गेली आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलाम मुक्त केल्याबद्दल. ही नुसती सालांची गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या यवतमाळला जे अमेरिकन मिशन आलं, त्याच्या नावातच तो इतिहास आहे.

फ्री मेथडिस्ट. यातल्या 'फ्री'चा अर्थ आमच्या गावात कुणी 'फुकट' असा लावत, आणि गंमत म्हणजे तो थोडा बरोबर होता! बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांनी 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. त्या काळी तिथल्या पुष्कळ चर्चमध्ये बाकं भाड्याने किंवा विकत घ्यावी लागत. श्रीमंत पुढे, गरीब मागे किंवा बाहेर. रॉबर्ट्स म्हणाले, आमची बाकं मोकळी. आणि दुसरं, गुलामगिरीला आमचा विरोध. मूळ पंथ त्या प्रश्नावर कचरत होता. या पंथाचा आणखी एक नियम होता. उपासनेत वाद्य नको, सजवलेला गायकवृंद नको. सगळ्यांनी मिळून गायचं, नुसत्या गळ्याने. एक पियानो किंवा ऑर्गन ठेवायची परवानगी त्यांच्या मूळ संस्थेने दिली ती थेट 1943 मध्ये. सँकीची पेटी जग गाजवत असताना या लोकांच्या देवळात पेटी नव्हती. गाणं फक्त माणसांच्या आवाजावर तोललेलं.

या पंथाचं पहिलं मिशनरी जोडपं, अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड, 1881 मध्ये हिंदुस्थानात आलं आणि आधी बऱ्हाणपूरला राहिलं. 1890 च्या दशकात पंथाचं काम यवतमाळला आलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं. 1905 मध्ये ते बदललं. वऱ्हाडाच्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्या चालत, आणि त्याच वऱ्हाडात 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 असा दुष्काळ पडला की गावंच्या गावं उठली. मिशनांच्या अनाथाश्रमांत पोरं आली. मावशींची आई अशाच एका दुष्काळातलं पोर होती. तिला आपल्या आईचं तोंड आठवत नव्हतं. पण आश्रमात रात्री कंदिलाखाली सगळ्या पोरी मिळून म्हणत ते गाणं आठवत होतं. हे आम्हाला वर्गमित्राने नंतर सांगितलं. आमचं ते भाकरीपुढचं व्याख्यान आठवून तेव्हा आम्हाला लाज वाटली.

पुढे 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला उभी राहिली आणि देशभरची मुलं इथे धर्मशास्त्र शिकायला येऊ लागली. नागालँडची, केरळची, ओडिशाची. संध्याकाळी फिरायला गेलं की चार-चार भाषांतली गाणी कानावर पडत, चाल एकच. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण वाटायचं.

आता दुसरी बाजू. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवणं सोपं नाही. इंग्रजी कविता आघातावर चालते. या गीतांत फार वेळा पहिलं अक्षर हलकं आणि दुसऱ्यावर जोर असतो. मराठीत असा जोर जवळजवळ नाहीच, जो काही आहे तो शब्दाच्या सुरुवातीकडे. मग 'देवा' म्हणताना 'दे' हलका आणि 'वा' ठणकावून, असं होतं. 'प्रभु'मधला उकार दोन-दोन मात्रा लांबतो. तुम्ही म्हणाल, अभंगातही आपण ऱ्हस्वाचं दीर्घ करतोच. सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजायची, मात्रा नाही. बरोबर. पण अभंगात गाणारा शब्दाच्या कलाने ताणतो. तिथे चाल वाकते. इथे चाल बोटीतून बांधून आलेली, तेव्हा वाकायचं ते शब्दानेच.

हे काम मराठीत आधी केलं अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी. ही बोस्टनकडची मंडळी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आली. त्यांच्यातले हेन्री बॅलंटाइन यांनी नगरला तीसेक वर्षं राहून मराठीत पुष्कळ गीतं केली. ती भाषांतरं कुठे अडखळतात, तरी पहिली वाट पाडणाऱ्याचे पाय काट्यात जायचेच. त्यानंतर नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदं रचली. आणि तिथेच ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, मृदंग, सगळं तेच, आख्यान मात्र येशूचं. मुंबईत बेने इस्रायल समाजानेही मराठी कीर्तनं केली, मोशेची आणि योसेफाची. कीर्तन हा आपला मोठा उदार प्रकार आहे. येईल त्याला बसायला जागा देतो.

मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861, करजगावचा. आमच्या विदर्भाशी त्यांचा जवळचा संबंध. नागपूरला होते, संस्कृत ग्रंथांची कामं करीत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची सगळी उलथापालथ लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आमचं व्याख्यान इथेच थांबवून ते वाचावं, आम्हाला राग येणार नाही.

टिळकांना इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं पटेनात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. मग पुलावरून येऊन पूल मोडायचा कसा? त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली, आणि 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य घेतलं. ते अपुरं राहिलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. 1919 मध्ये ते गेले.

टिळक मोठे कवी, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या नावाने एक सोपा निवाडा दिला जातो, तो आम्हाला मान्य नाही. टिळकांची गीतं आपली, सँकीच्या चालींची परकी, हा तो निवाडा. 'तुमची लोकं अजून साहेबाचीच गाणी म्हणतात' असं आमच्या वर्गमित्राला आमच्यासमोर ऐकवलेलं आहे. ऐकवणारा स्वतः पेटीवर भजन म्हणायचा. त्या पेटीचा मूळपुरुष 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाला आणि हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी केली, हे त्याच्या गावी नव्हतं! पेटी देशी झाली ती वाजवून वाजवून. मग गाणं गाऊन गाऊन देशी होत नाही, असं कोणत्या न्यायाने म्हणायचं?

तरीही टिळकांचं काहीतरी खरं आहे, हे आम्हाला सोडवत नाही. फॅनी क्रॉस्बीचा रिकामा 'मी' कुठल्याही भाषेत शिरतो, पण त्या भाषेचं तो काही बरोबर आणत नाही. टिळकांच्या अभंगात शिरणारा माणूस एकटा शिरत नाही. त्याच्या मागे ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा अशी रांग उभी असते. ज्याच्या आजा-पणज्याला त्या रांगेत उभं राहायला मिळालं, त्याला हे फार मोलाचं वाटणार. पण वऱ्हाडातल्या ज्या माणसाच्या आजाला देवळाच्या पायरीपाशीच थांबावं लागलं, त्याचं काय? त्याला ज्या गाण्यात आधी कुणीच बसलेलं नाही असं गाणंच बरं वाटलं असेल. मोकळ्या बाकासारखं. टिळक चित्पावन ब्राह्मण होते. पूल त्यांना घरातूनच दिसत होता. हा आम्ही दोष म्हणून सांगत नाही, ते उभे होते ती जागा सांगतो आहोत.

मराठी मंडळ्यांनी मात्र हा वाद आपल्या पद्धतीने मिटवला, म्हणजे मिटवलाच नाही. 'उपासना संगीत' हे त्यांचं गीतांचं पुस्तक उघडून पाहा. भाषांतरं, सांगळ्यांची पदं, टिळकांचे अभंग, सगळं शेजारी शेजारी, क्रमांक घालून. पाळक नुसता क्रमांक सांगतो आणि लोक गातात.

मावशी गेल्या तेव्हा आम्ही पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलो. घरी गर्दी होती. अंगणात सतरंजी टाकून बायका बसल्या होत्या. आधी टिळकांचा एक अभंग झाला, टाळावर. मग थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, आणि मागून कुणीतरी ती चाल धरली. आम्हाला शब्द येत होते. पन्नास वर्षांपूर्वी चुलीपाशी पाठ झालेले. आम्ही म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्यात 'मी' आला, तोही म्हटला. वर्गमित्राने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात मान घातली.